गावातले ‘थोडे मुसलमान’ नेमके कोण?

खेड्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, तुमच्या गावात लोक कोण कोण आहेत? तो बोटं मोजत सांगायला लागेल. मराठ्यांची घरं जास्त, धनगर मळ्यात राहतात, माळ्यांची एक आळी आहे, लिंगायत वाण्यांची चार-पाच घरं, कोळी, न्हावी, परीट, सुतार, वेशीबाहेर बौद्धवाडा, पलीकडे मातंग वस्ती, वडारांची पालं होती तिथं आता पत्र्याची घरं झालीत. आणि यादी संपता संपता म्हणेल, “मुसलमान पण आहेत थोडे.”

सांगणारा मराठा असो, बौद्ध असो की स्वतः मुसलमान असो, शेवटचं वाक्य सहसा बदलत नाही. या यादीत बाकी सगळे आपापल्या जातीच्या नावाने येतात. आम्ही तेवढे धर्माच्या नावाने येतो, आणि तेही एका ओळीत.

ही एक ओळ बदलायची संधी आता दारात आली आहे. येत्या जनगणनेत प्रत्येकाची जात विचारायची, असा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. त्याच वर्षी १६ जूनला जनगणनेची अधिसूचना निघाली. आपल्या राज्यासाठी लोकसंख्येच्या मोजणीचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. माझं म्हणणं सरळ आहे. गावातल्या मुसलमानांनी धर्माच्या रकान्यात ‘इस्लाम’ सांगावं आणि जातीच्या रकान्यात आपल्या बिरादरीचं खरं नाव सांगावं. पिंजारी असाल तर पिंजारी, तांबोळी असाल तर तांबोळी, सय्यद असाल तर सय्यद. तिथं ‘मुसलमान’ सांगू नये, आणि नुसतं आडनाव तर मुळीच सांगू नये.

यावर आपल्याच माणसांकडून तीन-चार आक्षेप येतात. त्यांच्याकडे येण्याआधी गाव नीट पाहून घेऊ.

एका गल्लीत किती लोक

मी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मराठी शिकवते. आमच्या भीमाकाठच्या पट्ट्यातली दहा-बारा खेडी नोकरीच्या आणि नात्यागोत्याच्या निमित्ताने मला माहीत आहेत. त्यातल्या कुठल्याही गावाच्या मुसलमान गल्लीतून फिरलं तर साधारण असं चित्र दिसतं.

मशिदीजवळ मुलाणी राहतो. दर्ग्याशेजारी मुजावर, त्याच्याकडे पिराच्या इनाम जमिनीचा तुकडा असतो, बऱ्याचदा भाऊबंदकीत अडकलेला. तांबोळ्याचं पानाचं दुकान आता टपरी झालेलं आहे आणि तिथं पानापेक्षा पुड्याच जास्त खपतात. बागवान फळं आणि भाजी घेऊन आठवडी बाजार फिरतो. अत्तार यात्रेत अगरबत्ती, हळदीकुंकू आणि सुगंधी तेल मांडून बसतो. मणियाराच्या घरातल्या बायका डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन वाड्या-वस्त्या फिरत, आता त्यांचं एसटी स्टँडजवळ दुकान आहे. पिंजारी, ज्याला काही भागात नदाफ म्हणतात, कापूस पिंजून गाद्या भरायचा. फोमच्या गाद्या आल्यापासून त्याची मुलं गवंड्याच्या हाताखाली जातात. शिकलगार विळे-कोयत्यांना धार लावतो. कलईवाल्याची भट्टी स्टीलने बंद केली आणि बैलांच्या खुरांना पत्र्या मारणाऱ्या नालबंदाची कामं ट्रॅक्टरने संपवली. शिवाय खाटिकाचं घर, फकिराचं घर, कुठं छप्परबंदांची वस्ती. आणि शेख, सय्यद, पठाण, इनामदार हेही आहेत.

यांच्यात रोटीव्यवहार आहे. एका सफेत नमाज आहे. बेटीव्यवहार मात्र अजूनही बहुतेक बिरादरीतल्या बिरादरीतच होतो, हे गावात राहणारा कुणीही मुसलमान नाकारणार नाही.

ही माणसं गावात उपरी नाहीत. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात गावच्या बारा बलुतेदारांची यादी आहे आणि त्या यादीत मुलाणी आहे. गावच्या जत्रेत बकरं हलाल करायचा मान त्याचा होता आणि त्याबद्दल खळ्यावर त्याला धान्य मिळे. म्हणजे गावगाड्यात मुसलमान बसत होता तो ‘मुसलमान’ म्हणून बसत नव्हता. सुतार जसा सुतार म्हणून बसे, तसा तो मुलाणी म्हणून, पिंजारी म्हणून, शिकलगार म्हणून बसे. या व्यवस्थेला मी सोन्याचा काळ म्हणत नाही. बलुतं म्हणजे हक्कापेक्षा उपकारच जास्त होता आणि ज्याच्या हाती जमीन त्याच्या मर्जीवर तो चाले. पण त्या व्यवस्थेत आमची नेमकी ओळख होती. बलुतं गेलं, धंदे गेले आणि त्यांच्याबरोबर कागदावरचं नावही गेलं.

गंमत म्हणजे गाव अजून ते नाव विसरलेलं नाही. “कुठल्या सलीमचं घर पाहिजे? नदाफाच्या की बागवानाच्या?” असंच पारावर विचारतात. विसरला आहे तो कागद.

सरकारच्या वहीत गाव कसं दिसतं

२०११ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून मी घरोघर फिरले आहे. ९ ते २८ फेब्रुवारी असा मोजणीचा काळ होता. तक्त्यात धर्माचा रकाना होता. जातीबाबत मात्र एवढंच विचारायचं होतं की व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची आहे का. तिथं मुसलमानाचं उत्तर जवळपास ठरलेलं. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. त्यात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, मुसलमान आणि ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मैला वाहिलेल्या हलालखोर मुसलमानाचं घर आणि इनामदाराचा वाडा, दोन्ही त्या वहीत सारखेच दिसतात.

मोजणी झाल्यावर गावाचा जो गोषवारा छापून येतो तो जिल्हा जनगणना पुस्तिकेत पाहता येतो. घरं किती, पुरुष किती, स्त्रिया किती, सहा वर्षांपर्यंतची मुलं किती, साक्षर किती, अनुसूचित जाती-जमाती किती, शेतकरी किती, शेतमजूर किती. एवढी माहिती गावागावाची मिळते. धर्माचे प्रकाशित आकडे ग्रामीण भागात तालुक्यापर्यंत येऊन थांबतात. म्हणजे गावातल्या मुसलमानाची जात मोजली गेली नाही, आणि गावाच्या गोषवाऱ्यात त्याला धर्मानेही जागा नाही. तो एकूण आकड्यात विरघळून जातो.

राज्याचं चित्र आपल्याला माहीत आहे. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती आणि त्यात मुसलमान १ कोटी २९ लाख, म्हणजे ११.५४ टक्के. यातले तीन चतुर्थांशाच्या आसपास शहरांत राहतात. त्यामुळे ‘महाराष्ट्रातला मुसलमान’ म्हटलं की मुंबई, भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद डोळ्यांपुढे येतं. मालेगावच्या मोमिनांना संख्येमुळे आमदार ऐकतो. खेड्यातला मुसलमान पाच घरं इथं, वीस घरं तिथं असा विखुरलेला आहे. त्यातही शिकलगाराची दोन आणि कलईवाल्याचं एक. त्यांच्या नावाने कुठला आकडाच नसल्यामुळे त्यांच्यासाठी कुणी काही मागूही शकत नाही.

सगळ्या जातींची मोजणी करून आकडे प्रसिद्ध झाले ते शेवटचे १९३१ मध्ये. तेव्हापासून आजपर्यंत गावातला पिंजारी वाढला की घटला, शिकला की मागे राहिला, हे सांगणारा एकही अधिकृत आकडा नाही.

एका शब्दाची किंमत

या सगळ्याचा मुलांशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. शाळेतला माणूस म्हणून मी तो रोज पाहते.

महाराष्ट्राच्या इतर मागास वर्गांच्या यादीत बागवान, तांबोळी, अत्तार, मुलाणी, पिंजारी-नदाफ, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या आहेत. छप्परबंद विमुक्त जातींमध्ये आहेत. मंडल शिफारशी १९९० मध्ये लागू झाल्यावर या नावांसाठी जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून चळवळ उभी केली. दिलीपकुमार यांच्यासारखा मोठा कलावंत त्यांच्या सभांना येऊन बसला. १९९४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला आणि मुस्लिम ओबीसींना दाखले मिळायची वाट खुली झाली. म्हणजे यादीत नाव आहे, निर्णय आहे. मग अडतं कुठं?

अडतं शाळेच्या जुन्या रजिस्टरवर. इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचं नाव शाळेत घातलं तेव्हाच्या गुरुजींनी जातीच्या रकान्यात काय लिहिलं, त्यावर नातवाचा दाखला अवलंबून असतो. आणि त्या काळातल्या पुष्कळ रजिस्टरांत आमच्या लोकांपुढे एकच शब्द आहे, ‘मुसलमान’.

आमच्या पट्ट्यातली दोन कुटुंबं मला माहीत आहेत. दोन्ही पिंजारी, शेजारशेजारच्या गावांतली, दोन्हीकडे गाद्या भरण्याचाच धंदा. एका गावच्या गुरुजींनी रजिस्टरात ‘मु. पिंजारी’ लिहिलं होतं. त्या घरातल्या मुलीला ओबीसीचा दाखला मिळाला, पुढे जात वैधताही मिळाली, आज ती नर्सिंगचं शिक्षण घेते. दुसऱ्या गावच्या गुरुजींनी नुसतं ‘मुसलमान’ लिहिलं होतं. त्या घरातली मुलगी हुशारीत पहिलीपेक्षा रतीभर कमी नाही. तिच्या वडिलांनी दोन वर्षं कचेरीच्या खेपा घातल्या, प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडाली, आणि शेवटी तिने खुल्या प्रवर्गातून अर्ज भरला. फी परवडली नाही. आता ती घरी शिवणकाम करते. दोघींच्या नशिबात फरक पडला तो एका शब्दाने.

मराठवाड्यात २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याचं जे काम चाललं, त्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मोडी वाचणारे शोधले गेले, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं की जुन्या वहीतल्या एका शब्दाला काय मोल असतं. त्या मागणीबद्दल ज्याला जे मत ठेवायचं त्याने ते ठेवावं. पण त्यातून आपण एवढं तरी शिकायला हवं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. जनगणनेत जात सांगितली म्हणून कुणाला दाखला मिळणार नाही. जनगणनेची उत्तरं व्यक्तीच्या पुराव्यासाठी वापरताच येत नाहीत. दाखल्याची वही वेगळी आणि जनगणनेची वही वेगळी. पण दोन्हीकडे आपली सवय एकच आहे, खरं नाव न सांगण्याची. दाखला नसल्याने एक मुलगी अडते. आकडा नसल्याने पूर्ण बिरादरी अडते.

आकडा नसला की काय होतं ते २०२१ मध्ये दिसलं. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी ताजी आकडेवारी मागितली. ती नव्हती. आरक्षण अडकलं, निवडणुका लांबल्या. मग बांठिया आयोग नेमावा लागला आणि जुलै २०२२ मध्ये त्याच्या अहवालावर वाट निघाली. गावच्या पंचायतीत ओबीसी जागेवर उभं राहणारा तांबोळी किंवा बागवान सदस्यही याच आकड्यांवर उभा असतो.

आक्षेप आपल्या घरातले

पहिला आक्षेप सगळ्यांच्या तोंडी असतो. मागे एका खालाजानने मला ऐकवलं होतं, “हमना जात-बीत नै बाजी, मुसलमान लिखो.” त्यामागची भावना मला कळते आणि तिचा आदरही वाटतो. इस्लाममध्ये जन्माने कुणी उच्च-नीच नाही. पण सूरह हुजुरातमध्ये कौमा आणि कबिले नाकारलेले नाहीत. ते एकमेकांच्या ओळखीसाठी केले असं सांगून श्रेष्ठत्व तकव्यावर ठेवलं आहे. ओळख सांगणं वेगळं आणि ओळखीचा गर्व किंवा तिरस्कार करणं वेगळं. दीनने दुसऱ्याला मनाई केली आहे. आपण मात्र गंमत अशी करतो की निकाहाचा पैगाम आला की पहिला प्रश्न विचारतो, “बिरादरी कोणती?” आणि सरकारी माणूस दारात आला की म्हणतो, “आमच्यात जात नसते.” ज्याला खरोखर जात मोडायची आहे त्याने निकाहाच्या वेळी ती विचारणं बंद करावं. तिथं टिकवायची आणि मोजणीत लपवायची, याने नुकसान होतं ते गल्लीतल्या सर्वांत गरीब घराचं.

आपल्यात जातीसारखे थर आहेत हे काही मीच शोधून काढलेलं नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात अशराफ, अजलाफ आणि अरजल अशा तीन थरांची सविस्तर चर्चा आहे. महाराष्ट्रात महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. २०१४ मध्ये ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता भाग राहू दिला, पण अध्यादेशाचा पुढे कायदा झाला नाही. त्या मागणीसाठी लढत राहावं, माझा विरोध नाही. पण १९९४ पासून उघडी असलेली वाट ‘आम्हाला जात नसते’ म्हणून आपणच बंद करावी, हे शहाणपणाचं नाही.

दुसरा आक्षेप एकीचा. जाती सांगितल्या तर आपण फुटू, आपली संख्या कमी दिसेल. संख्या कमी दिसण्याचा प्रश्नच येत नाही, कारण धर्माचा रकाना वेगळा आहे आणि त्यात सगळे ‘इस्लाम’च सांगणार आहेत. याचं उदाहरण समोर आहे. बिहार सरकारने २ ऑक्टोबर २०२३ ला जात सर्वेक्षणाचे आकडे जाहीर केले. त्यात मुसलमान १७.७ टक्के असल्याचं आलं. शिवाय मोमीन साडेतीन टक्के, शेख ३.८ टक्के, धुनिया १.४ टक्के असे बिरादरीवार आकडेही आले. धुनिया म्हणजे आपल्याकडचे पिंजारीच. तिथल्या मुसलमानांची एकूण टक्केवारी यामुळे एका माणसानेही घटली नाही. उलट धुनियांचं नाव पहिल्यांदाच इतक्या ठळकपणे कागदावर आलं. एकी फुटत असेल तर ती मोठ्या नावामागे लहान घरांना झाकून ठेवल्याने फुटते. आणि सय्यद-पठाणांनी हे आपल्याविरुद्ध आहे असं समजू नये. त्यांच्यातही भूमिहीन आणि रोजंदारीवर जगणारे खूप आहेत. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी जे १० टक्के आरक्षण आलं ते जातीच्या आरक्षणाबाहेरच्या गरीब मुसलमानालाही लागू आहे. आपल्या गावात किती कुटुंबं त्याचा दाखला काढतात, हे मशिदीतून बाहेर पडताना एकमेकांना विचारून पाहावं.

तिसरा आक्षेप भीतीचा, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. २०१९-२० मध्ये नागरिकत्वाच्या प्रश्नावरून जे वातावरण झालं त्यानंतर गल्लीत कुणी कागद-पेन घेऊन आलं की बायका दार लावून घेत. म्हणून हे माहीत असलेलं बरं की जनगणना १९४८ च्या स्वतंत्र कायद्याने होते. त्या कायद्यानुसार कुणी काय उत्तर दिलं ते गुप्त ठेवावं लागतं आणि कलम १५ प्रमाणे ते कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. भीतीपोटी दार लावलं तर आपण मोजणीतूनच गळतो, आणि गळलेल्या माणसाच्या बाजूने बोलायला कुठलाच आकडा उरत नाही.

आडनाव, भाषा आणि बायकांचं काम

आता थोडं व्यवहाराचं. जात सांगायची म्हणजे आडनाव सांगायचं नाही. आपल्याकडे निम्मी गल्ली ‘शेख’ लावते. पिंजाऱ्याचा मुलगा शेख, खाटिकाचा मुलगा शेख आणि मूळचे शेखही शेखच. प्रगणकाने आडनाव पाहून ‘शेख’ लिहिलं की ओबीसी बिरादरी एका झटक्यात यादीबाहेर जाते.

नावाचं रूपही एकच हवं. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतही जात विचारली होती. पण २०२१ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की १९३१ मध्ये ४,१४७ जाती मोजल्या होत्या आणि या पाहणीत नावं निघाली ४६ लाख. कुणी पोटजात सांगितली, कुणी आडनाव, कुणी गोत्र, कुणी एकच नाव चार तऱ्हांनी लिहिलं. ते आकडे वापरण्याजोगे उरले नाहीत. एका गावात बागवान, दुसऱ्यात बागबान, तिसऱ्यात भाजीवाले असं झालं तर आपलंही तेच होईल. राज्याच्या यादीत जे नाव आहे तेच सगळ्यांनी सांगावं.

भाषेचा रकाना माझ्या जिव्हाळ्याचा. २०११ मध्ये महाराष्ट्रात उर्दू मातृभाषा सांगणारे ७५ लाखांच्या आसपास होते आणि मुसलमान १ कोटी २९ लाख. म्हणजे बाकीच्यांनी मराठी, हिंदी किंवा दुसरं काही सांगितलं. कोकणातला मुसलमान मराठीच बोलतो. आमच्याकडे घरात दखनी, शाळेत उर्दू, शेतात आणि बाजारात मराठी. आई ज्या भाषेत बोलली ती सांगावी, आणि येत असलेल्या इतर भाषांमध्ये मराठी सांगायला विसरू नये. उर्दू सांगण्यात लपवण्यासारखं काही नाही आणि मराठी सांगण्यात दीनला कमीपणा नाही. उर्दू शाळा बंद पडू नये म्हणून उर्दूचा आकडा लागतो. मुसलमानाला मराठी येत नाही म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला मराठीचा आकडा लागतो.

शेवटचा रकाना कामाचा. “काय करते?” असं विचारलं की घरातला पुरुष म्हणतो, “घरीच असते.” ती पहाटे खुरपायला गेलेली असते, दुपारी गोधड्या शिवते, संध्याकाळी बांगड्या विकते. जनगणनेत सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलं तरी त्याची नोंद होते. आपल्या बायकांना कागदावर बिनकामाच्या ठरवण्यात कसली इज्जत आहे? आणि शक्य असेल तिथं तिच्या कामाबद्दल तिलाच बोलू द्यावं.

मोजणी येण्याआधी

हे सगळं प्रगणक दारात उभा असताना पाच मिनिटांत जमणार नाही. गावोगावच्या जमातीने एखाद्या जुम्म्याला नमाजनंतर यावर बोलावं. मौलाना साहेबांनी दोन गोष्टी सांगाव्यात, धर्म इस्लाम आणि बिरादरीचं खरं नाव. शिकलेल्या मुलामुलींनी गल्लीतल्या घरांची यादी करून कुणाचं नाव राज्याच्या यादीत कसं आहे ते आधीच पाहून ठेवावं. ज्यांची मुलं आज शाळेत आहेत त्यांनी जनरल रजिस्टरमधला जातीचा रकाना याच महिन्यात जाऊन बघावा. मूल शाळेत असताना कागदपत्रं देऊन दुरुस्ती होऊ शकते, शाळा सुटल्यावर तेच काम फार अवघड होतं.

माझ्या शिक्षक भावा-बहिणींना, मुसलमान असोत की नसोत, एक विनंती आहे. मोजणीचं काम बहुतांशी आपल्याच हाती येतं. मुसलमान गल्लीत गेल्यावर उत्तर आधीच ठरवू नका. सुताराला जसं विचारता तसंच विचारा आणि ऐकू येईल तेच लिहा. आजोबांच्या गुरुजींनी एक शब्द गाळला आणि तो तिसऱ्या पिढीला नडला. २०२७ ची नोंदही तिसरी पिढी उघडून पाहील. तेव्हा तिला आपल्या गावात पिंजारी किती होते, शिकलगार किती होते, त्यातले शाळेत किती जात होते, हे सापडलं पाहिजे.